उल्हासनगरहून हवानाला: चार तासांचा पास

(या भागाचं लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत.)

लोकलमध्ये ऐकत असाल तर इअरफोन नीट बसवा, कारण आज आपण लांब जाणार आहोत. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. माझं निम्मं आयुष्य या चार स्टेशनांत गेलं. लहानपण उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, बाबांची नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, आणि आता माझा फ्लॅट बदलापूर पूर्वेला. उरलेलं निम्मं मात्र जहाजावर गेलं. सात वर्षं मी क्रूझवर केबिन सांभाळायचो. चादरी बदलायच्या, बाथरूम घासायचं, रात्री टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवायचा. माकडही करता येतं मला. ते नंतर कधीतरी.

जहाजावर होतो म्हटलं की लोक पहिलं विचारतात, कुठे कुठे फिरलास? मी म्हणतो, बंदरं पुष्कळ बघितली, गावं फार कमी. सकाळी अकरा केबिन संपवायच्या, मग उतरायचा पास मिळाला तर तीन-चार तास. त्यातला अर्धा वेळ घरी फोन करायला वायफाय शोधण्यात. पण एक गाव मी खरंच बघितलं. हवाना. क्युबाची राजधानी.

आता क्युबाचं आधी थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. फ्लोरिडाच्या टोकापासून क्युबा ९० मैलांवर आहे. आपल्या भाषेत दीडशे किलोमीटरच्या आतच, मुंबई-पुणे धरा. १ जानेवारी १९५९ ला तिथे क्रांती झाली, फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले, अमेरिकन कंपन्यांची मालमत्ता सरकारजमा झाली आणि १९६२ मध्ये केनेडींनी व्यापार पूर्ण बंद केला. ती बंदी आजही आहे. गंमत अशी की अमेरिकेचा कायदा आपल्या नागरिकाला सरळ ‘क्युबाला जाऊ नका’ म्हणत नाही. तो म्हणतो, तिथे पर्यटक म्हणून पैसे खर्च करू नका. आता पैसे खर्च न करता माणूस जाणार कसा?

मग मार्च २०१६ मध्ये ओबामा स्वतः हवानाला गेले आणि मे महिन्यात ‘अडोनिया’ नावाचं जहाज मायामीहून हवानाला पोहोचलं. अमेरिकेतून क्युबाला जाणारं जवळपास चाळीस वर्षांतलं पहिलं क्रूझ. पाठोपाठ बाकीच्या कंपन्या आल्या आणि माझंही जहाज त्या फेरीला लागलं. तरीही प्रत्येक अमेरिकन प्रवाशाला फॉर्म भरून द्यावा लागायचा, की मी मजा करायला चाललेलो नाही. बारा कारणांची सरकारी यादी होती, त्यातलं एक निवडायचं. आमचे बहुतेक प्रवासी ‘लोकांशी शैक्षणिक संपर्क’ या सदरात बसायचे. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर नवी टोपी, आणि कागदावर शैक्षणिक संपर्क. बरं, त्या सहलीची कागदपत्रं पाच वर्षं जपून ठेवायची, कोणी विचारलं तर दाखवायला.

आणि मी? भारतीय पासपोर्ट. ज्या पासपोर्टवर अमेरिकेच्या व्हिसासाठी बीकेसीला दोनदा रांगेत उभा राहिलो, तो पासपोर्ट. मला ती बारा कारणं लागू नव्हती. खलाश्याचा पास दाखवायचा, टर्मिनलच्या बाहेर पडायचं, समोर प्लाझा दे सान फ्रान्सिस्को. माझ्या केबिनमधल्या निवृत्त जज्जसाहेबांना कारण सांगावं लागत होतं आणि त्यांचं बाथरूम धुणारा मी बिनकारणाचा फिरत होतो. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी जाम भारी वाटलं.

आमच्या उल्हासनगरचा जुना विनोद तुम्हाला माहीत असेलच. जीन्सपासून रेडिओपर्यंत सगळ्यावर ‘मेड इन यूएसए’, आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. जहाजावर मी तो सगळ्यांना सांगायचो. अमेरिकन हसायचे, फिलिपिनो पोरं त्याहून जास्त हसायची.

आता हवाना. बंदराच्या तोंडाशी मोरो किल्ला, आत शिरायला चिंचोळी वाट, आणि एका बाजूला मालेकॉन, म्हणजे आपला मरीन ड्राइव्ह, पण लाटा रस्त्यावर येणारा आणि इमारतींचे रंग उडालेला. जुन्या अमेरिकन गाड्यांबद्दल सगळेच बोलतात, म्हणून मी नाही बोलत. एवढंच सांगतो की त्या गाडीच्या तासाभराच्या फेरीत ड्रायव्हर जेवढे कमवायचा, साधारण तेवढा सरकारी नोकराचा महिन्याचा पगार होता. सरासरी ३० डॉलरच्या आसपास. रेशनचं पुस्तक १९६२ पासून घरोघरी. चलनं दोन, एक त्यांचं आणि एक पाहुण्यांचं. माझ्या डोक्यात शेवटपर्यंत गोंधळ.

मला आठवते ती बाग. संध्याकाळी एका चौकात पन्नास-साठ माणसं बाकांवर, कट्ट्यावर, फुटपाथवर बसलेली, सगळ्यांच्या माना खाली. मला वाटलं काही प्रार्थना वगैरे आहे. जवळ गेलो तर सगळे मोबाईलवर. सरकारी कंपनीचं वायफाय फक्त अशा ठरावीक चौकांत मिळायचं. स्क्रॅच कार्ड विकत घ्यायचं, लांबलचक आकडे टाइप करायचे, एक तास. एका तासाचा साधारण एक डॉलर. एक आजी पडद्यावरच्या नातवाला केक दाखवत होती, शेजारचा पोरगा बहुतेक मायामीतल्या बापाशी भांडत होता, आणि मी त्यांच्यात बसून बदलापूरला आईशी बोलत होतो. तेव्हा आपल्याकडे जिओ येऊन वर्ष झालं होतं. आई म्हणाली, “अरे, व्हिडिओ लाव ना, डेटा फुकट आहे.” तिला काय सांगू!

मोबाईलवर डेटा तिथे डिसेंबर २०१८ मध्ये आला. तोवर पोरांनी आपली सोय केलेली. ‘पाकेते’, म्हणजे पुडकं. दर आठवड्याला साधारण एक टेराबाईटचा माल, सिनेमे, मालिका, गाणी, ॲप, हार्ड डिस्कवरून हातोहात घरोघर. आपल्या कॅम्प तीनच्या दुकानांत वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं ना, तसंच, फक्त अख्ख्या देशाला. मला तर घरी आल्यासारखंच वाटलं.

आता ज्याच्यासाठी हा भाग करतोय ते.

२०१८ चा हिवाळा. माझ्या एका केबिनमध्ये एकटी बाई, सत्तरीच्या जवळ, मायामीची. केबिन आतली, खिडकी नसलेली, सगळ्यात स्वस्त. पहिल्याच रात्री तिने मला थांबवून विचारलं, “सकाळी बंदरात शिरताना मालेकॉन कुठल्या बाजूला दिसेल?” मी म्हटलं, उजव्या. मग म्हणाली, “मी दहा वर्षांची असताना विमानातून शेवटचं बघितलं.”

तिची गोष्ट तिने तुकड्या-तुकड्यांत सांगितली, मी चादर खोचत असताना. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात चौदा हजारांहून जास्त मुलांना क्युबातल्या आईबापांनी एकटंच विमानात बसवून अमेरिकेला पाठवलं होतं. आपण मागून येतो म्हणून. त्याला नंतर ‘पेद्रो पान’ असं नाव पडलं. ही त्यातलीच. आई मागून आली, चार वर्षांनी. वडील आलेच नाहीत. आणखी एक गोष्ट मला तिच्याकडूनच कळली. क्युबात जन्मलेल्या माणसाला समुद्रमार्गे क्युबात यायला खुद्द क्युबाच्या कायद्यानेच बंदी होती. म्हणजे २०१६ मध्ये क्रूझ सुरू होणार तेव्हा अमेरिकन, जर्मन, भारतीय, सगळे चालणार होते. फक्त ज्यांचं ते गाव, ते चालणार नव्हते. मायामीत लोक चिडले, खटले झाले, आणि पहिलं जहाज निघायच्या काही दिवस आधी क्युबाने नियम बदलला.

मी तिला म्हटलं, पहाटे साडेपाचला वरच्या डेकवर पुढे उजवीकडे उभ्या राहा, गर्दी व्हायच्या आत. मलाही पाच मिनिटं चोरता आली. खालच्या क्रू-डेकवरून मी मान वर करून बघितलं, ती कठड्याशी होती. मालेकॉनवरून सकाळी फिरायला आलेली माणसं जहाजाला हात करत होती. ते रोज करायचे. ती हात करत नव्हती. कठडा धरून उभी होती.

संध्याकाळी परत आली तेव्हा मी विचारलं नाही. आम्हाला विचारायचं नसतं. तिनेच सांगितलं. घर सापडलं. आता त्यात तीन कुटुंबं राहतात. दारातल्या बाईने आधी संशयाने बघितलं, मग कॉफी दिली. “फरशी तीच आहे,” ती म्हणाली. “मी बसून फरशीच बघत होते. त्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली.” पुढच्या वर्षी मोठ्या बहिणीला आणणार म्हणाली. बहीण व्हीलचेअरवर, विमान आणि हॉटेल तिला झेपत नाही; जहाज बरं, झोपायला रात्री आपल्याच केबिनमध्ये.

त्या रात्री मला अम्मा आठवली.

कॅम्प चारमध्ये आम्ही भाड्याने राहायचो तिथे शेजारची बॅरक अम्माची. बॅरक म्हणजे खरंच बॅरक, मिलिटरीची. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ जो लष्करी कॅम्प होता, त्यातच फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर माणसांना ठेवलं, आणि १९४९ मध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर असं नाव ठेवलं. अम्मा हैदराबादची. आपलं नाही, सिंधमधलं. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि तिच्या वडिलांनी सगळ्यांना घेऊन कराचीहून मुंबईचं जहाज पकडलं. तेव्हा ती बारा वर्षांची. जहाजाबद्दल तिला एवढंच आठवायचं की सगळे ओकत होते आणि कोणीतरी तिला गूळ दिला.

उन्हाळ्यात लाइट गेली की ती सुरू व्हायची. “हमारे यहाँ छत पे मंघ था, पुट.” मंघ म्हणजे गच्चीवर बांधलेलं वाऱ्याचं धुराडं. तिथल्या प्रत्येक घरावर असायचं, त्यातून समुद्राकडचा वारा खाली खोलीत यायचा. आम्ही पोरं हसायचो. पत्र्याखाली घामाने निथळत बसलोय आणि ही वाऱ्याच्या गोष्टी सांगतेय. मोठेपणी मी जुने फोटो बघितले. हैदराबादच्या गच्च्यांवर खरंच रांगेने मंघ, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

तिच्या मुलाने एकदा पासपोर्ट काढून दिला होता तिला. पण पाकिस्तानचा व्हिसा म्हणजे ठरावीक शहरांचाच, गेल्यावर पोलीस चौकीत हजेरी, आणि तिकडून कोणीतरी बोलावणारं लागतं. तिला कोण बोलावणार? आता तिच्या घरात कोण राहतं, हे ती नेहमी विचारायची. कुणाला ते माहीत नाही. कदाचित इकडूनच गेलेलं कुटुंब असेल. मुंबईचं, उत्तर प्रदेशचं. तेही आपल्या उन्हाळ्याच्या गोष्टी सांगत असतील.

२०१२ मध्ये मला पहिलं कॉन्ट्रॅक्ट मिळालं तेव्हा पेढे द्यायला गेलो. अम्माने पेढा हातात धरून विचारलं, “तेरा जहाज कराची जाता है?” मी हसलो. म्हटलं, “अम्मा, वो अमेरिका जाता है.” ती म्हणाली, “अच्छा. दूर है.” २०१५ मध्ये मी समुद्रावर असताना ती गेली. तो पासपोर्ट कोराच राहिला.

हवानाचं पुढे काय झालं तेही सांगतो. ४ जून २०१९. दुपारी आमच्या मेसमध्ये टीव्हीवर बातमी आली की अमेरिकन सरकारने क्युबाला जाणारी क्रूझ बंद केली. कधीपासून? दुसऱ्या दिवसापासून. मुदत नाही, काही नाही. बुकिंग केलेली लाखो माणसं अडकली. आमच्या कॅप्टनने स्पीकरवर सांगितलं की हवानाऐवजी मेक्सिकोतलं एक बेट. काही प्रवासी रिसेप्शनवर भांडले, बरेचसे बफेला गेले. विमानं तेव्हा चालू होती, हे खरं सांगितलं पाहिजे. ज्याला फारच जायचं तो जाऊ शकत होता. पण व्हीलचेअरवरची बहीण?

त्या वर्षी प्रत्येक फेरीला केबिनची यादी हातात आली की मी तिचं आडनाव शोधायचो. जूनच्या आधीही आणि नंतरही, जेव्हा आम्ही हवानाला जातच नव्हतो. सवय लागली होती. ते मला कधीच दिसलं नाही.

मधे एक मित्र म्हणाला, एवढं लांब कशाला, मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ आहे, तिथे उतरायलाही आपल्याला परवानगी लागते. बरोबर आहे. मी त्याला म्हटलं, लागते, पण मिळते.

२०२० मध्ये जहाजं बंद पडली, मी घरी आलो ते आलोच. आता बदलापूरला बायकोबरोबर टिफिनचा धंदा आहे, आणि रात्री हा पॉडकास्ट. सवयीने कधी कधी नकाशा उघडून अंतरं मोजत बसतो. मुंबई ते कराची साधारण पाचशे नॉटिकल मैल. आमचं जहाज अठरा नॉटने आरामात जायचं. म्हणजे अठ्ठावीस तास. संध्याकाळी सहाला मुंबईहून निघालं तर दुसऱ्या रात्री दहापर्यंत कराची. तीन जेवणं, एक नाश्ता. मी केबिन दोनदा आवरली असती.