जोहरा सेहगल : पुन्हा पहिल्या पायरीवर



कलावंताचे मोठेपण सांगताना पुरस्कारांची यादी वाचण्याचा प्रघात आहे. जोहरा सेहगल यांची यादी पद्मविभूषणापर्यंत जाते. परंतु त्यांच्या कारकिर्दीतील विचार करण्याजोगा भाग त्या यादीत सापडत नाही. नावलौकिक मिळाल्यावरही त्यांना पुन्हा पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागले, आणि त्या आल्या.

जन्म १९१२ चा, सहारनपूरचा. पडदा पाळणाऱ्या लाहोरच्या क्वीन मेरी महाविद्यालयातून ही मुलगी थेट जर्मनीत, ड्रेस्डेनला, मेरी विगमन यांच्या नृत्यशाळेत गेली. १९३५ मध्ये उदय शंकर यांच्या पथकात दाखल होऊन तिने देशोदेशीचे रंगमंच गाजवले. १९४५ मध्ये जोहराबाई पृथ्वी थिएटर्समध्ये आल्या, तेव्हा नायिकेच्या भूमिका बहुधा धाकट्या बहिणीकडे, उज्रा यांच्याकडे असत. जग पाहून आलेल्या थोरलीने धाकटीच्या मागे उभे राहणे सोपे नव्हे. तरी त्या तेथे चौदा वर्षे राहिल्या. गावोगावचे दौरे, तिसऱ्या वर्गाचा रेल्वेप्रवास आणि खेळ संपल्यावर दाराशी झोळी पसरून उभे राहणारे पृथ्वीराज कपूर, ही त्यांची नाट्यशाळा. त्याच काळात ‘बाजी’ या चित्रपटाचे नृत्यदिग्दर्शनही त्यांनी केले.

१९५९ मध्ये पती कामेश्वर सेहगल यांचे निधन झाले. पदरी दोन मुले होती. १९६२ मध्ये नाट्यविषयक शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या, त्या वेळी त्यांनी पन्नाशी गाठली होती. तेथे ओल्ड विक या नामांकित नाट्यगृहात नटनट्यांना पोशाख चढवून देण्याचे काम त्यांनी पत्करले. पडद्यामागे इतरांचे पोशाख सांभाळणाऱ्या या स्त्रीने कधीकाळी त्याच युरोपात टाळ्या घेतल्या होत्या! ‘द ज्युएल इन द क्राउन’ या मालिकेतील लेडी चॅटर्जी घराघरांत पोहोचली ती १९८४ मध्ये. मध्ये बावीस वर्षे गेली होती.

१९९३ मध्ये लाहोरला ‘एक थी नानी’ या नाटकात दोघी बहिणी पुन्हा एकत्र उभ्या राहिल्या. उज्रा तोवर पाकिस्तानात स्थायिक झाल्या होत्या आणि नाटक या दोघींच्याच आयुष्यावर बेतलेले होते. नायिका कोण, हा प्रश्न तेथे उरलाच नाही.

‘चीनी कम’मधील खट्याळ आई त्यांनी रंगवली ती पंचाण्णवाव्या वर्षी. १० जुलै २०१४ रोजी, एकशे दोनाव्या वर्षी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. उतारवयातही त्या लांबलचक उर्दू कविता मुखोद्गत म्हणत आणि सभागृह खिळून राही. पाठांतराला नावे ठेवण्याच्या या दिवसांत, शाळेच्या व्यासपीठावरून एवढे नोंदवलेले बरे.