पाण्यापलीकडचा मतदार

आळंद तालुक्यातील कडगंचीच्या माळावरून बेटांविषयी बोलणे काहीसे विपरीत वाटेल. पाण्याचे दुर्भिक्ष हीच आमच्या भागाची नित्याची तक्रार. तथापि येथून दक्षिणेस सुरपूर तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा व आताच्या यादगीर जिल्ह्यात, कृष्णेच्या पात्रात नीलकंठरायनगड्डी नावाची वस्ती आहे. गड्डी म्हणजे नदीतले बेट. २०१३ च्या पावसाळ्यात कृष्णेला पूर असताना येथील एक गरोदर स्त्री, दिवस भरत आलेले असताना, सुक्या भोपळ्यांच्या आधाराने पोहून पैलतीरी गेली; कारण दवाखाना पलीकडे होता. जीव वाचवण्यासाठी मनुष्य नदीत उडी घेईल. मत देण्यासाठी त्याने ती घ्यावी, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

मतदाराला केंद्रापर्यंत दोन किलोमीटरांपेक्षा अधिक जावे लागू नये, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. दंडक उत्तम, पण तो जमिनीवर राहणाऱ्यांच्या हिशेबाने केलेला. पाण्यातले एक किलोमीटर म्हणजे होडी, नावाडी, वारा आणि बुडालेली एक दिवसाची मजुरी. गुजरातेत नर्मदेच्या मुखाशी असलेल्या आलिया बेटावरील मतदारांना मतदानासाठी रस्त्याने ८२ किलोमीटरांचा प्रवास करावा लागे. बेटावर केंद्र उघडावे, तर त्यासाठी सरकारी इमारत नाही. अखेर मालवाहू जहाजांवरचा एक लोखंडी कंटेनर तेथे ठेवून त्यातच मतदान केंद्र थाटण्यात आले आणि २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत बेटावरच्या लोकांनी आपल्या दाराशी मत दिले. सरकारी कामात अशी युक्ती क्वचितच सुचते, म्हणून तिचे कौतुक करावेसे वाटते.

आपल्या महाराष्ट्रातही मुंबईजवळच्या घारापुरीस मतदानयंत्रे होडीनेच न्यावी लागतात. नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीची गोष्ट निराळी. हे गाव मूळचे बेट नव्हे. सरदार सरोवराच्या फुगवट्याने त्याची वाट पाण्याखाली नेली, आणि मतदान कर्मचारी आता होडीतून तेथे पोहोचतात. ज्या धरणाने वाट बुडवली, त्याच्याच पाण्यावरून मतदानयंत्र येते! मणिबेलीच्या लोकांवर हा कोणाचा उपकार नव्हे.

समुद्रातील बेटांना तर मताचा हक्कच उशिरा मिळाला. देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली; परंतु अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप येथील लोकसभेचे प्रतिनिधी १९६७ पर्यंत राष्ट्रपती नेमीत असत. त्या वर्षी तेथील रहिवाशांनी प्रथमच आपला खासदार स्वतः निवडला.

आता मात्र एक प्रश्न उरतो, आणि मला तो केंद्र उघडण्याहूनही बिकट वाटतो. छोट्या वस्तीला स्वतंत्र केंद्र दिले, की तिची मते स्वतंत्र मोजली जातात. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रांची मोजणी केंद्रवार होते आणि ते आकडे प्रसिद्धही होतात. गीरच्या जंगलात बाणेज येथे एकाच मतदारासाठी केंद्र उघडतात. त्याचे मत गुप्त कसे राहणार? तो एकटा आहे, म्हणून आपण हसून सोडून देतो. पण शंभर-दोनशे मतदारांच्या बेटाने कोणाला नाकारले, हे निवडून आलेल्या उमेदवाराला दुसऱ्याच दिवशी कळते. पुढे पुलाचा, नावेचा किंवा विजेचा अर्ज घेऊन त्याच बेटाला त्याच्याच दारी जायचे असते. मोठ्या शहरातील मतदाराला गर्दीचा आडोसा असतो, तो यांना नाही.

यावर उपाय आहे. अनेक यंत्रांतील मते एकत्र मोजणारे 'टोटलायझर' नावाचे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला. विधी आयोगानेही २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. ती अद्याप अमलात आलेली नाही. त्यासाठी १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत दुरुस्ती करावी लागेल, आणि ती करणे केंद्र सरकारच्या हाती आहे.