सूर्य मावळण्याआधी

श्रोतेहो, नवे वर्ष जवळ आले की डायऱ्यांच्या दुकानात जशी गर्दी होते, तशी ती आमच्या चर्चमधल्या पुस्तकांच्या टेबलाशीही होते. वर्षभरात सगळे बायबल वाचून काढायचे, असा संकल्प बरेच जण सोडतात. हिशेब सोपा आहे. आम्ही वाचतो त्या प्रोटेस्टंट परंपरेच्या बायबलात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचले की डिसेंबरअखेर पुस्तक हातावेगळे होते. उत्पत्तीच्या गोष्टी भराभर वाचून होतात, निर्गमातला समुद्रही पार होतो आणि जानेवारी सरता सरता ‘लेवीय’ नावाचे पुस्तक समोर येते. बळी कसे अर्पावे, कोणता प्राणी शुद्ध, कोणता अशुद्ध, याचे नियमच नियम. पुष्कळांचा संकल्प तिथेच आटोपतो.

आज बोलायचे आहे ते या रोजच्या वाचनाविषयी. मी धर्मोपदेशक नाही. ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात कारकून होते आणि लग्नानंतरचे सारे आयुष्य डोंबिवलीत गेले. बायबलवाचनाची सवय माहेरची, नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली. डोंबिवली ते ठाणे हा लोकलचा प्रवास अर्ध्या तासाच्या आतला. एक अध्याय वाचायला दहा मिनिटे पुरतात. लेडीज डब्यात एकीकडे भजन चालू असे, कोणी भाजी निवडत असे. मला बसायला मिळाले तर अध्याय पुरा होई, उभे राहावे लागले तर अर्धा. मुंब्र्याला पुस्तक पिशवीत जाई, कारण ठाण्याला उतरायचे म्हणजे आधीपासून दाराशी सरकायला हवे.

म्हणून मी वर्षात सगळे वाचून संपवण्याच्या फंदात कधी पडले नाही. रोज एकच अध्याय. या चालीने पुस्तक संपायला सव्वातीन वर्षे लागतात. लागू देत. आपल्याकडे पारायण आणि नित्यपाठ असे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगीच नाहीत. पारायण ठरलेल्या दिवशी संपते. नित्यपाठ उद्याही असतोच. आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी दासबोधाचा एक समास वाचतात. त्यांना ‘कितवे पारायण?’ असे कोणी विचारले की त्या हसून सांगतात, ‘मोजले नाही बाई.’ आमची दोघींची वही एकाच दुकानातली, पुस्तके तेवढी निराळी.

रोज थोडे वाचण्याची ही रीत जुनी आहे. जर्मनीतल्या हर्नहुट गावात मोरेव्हियन पंथाची मंडळी १७२८ पासून घरोघरी जाऊन त्या दिवसाचे एक वचन सांगू लागली. १७३१ पासून ती वचने पुस्तकरूपाने छापली जाऊ लागली आणि ते पुस्तक आजही दरवर्षी निघते. माझी ऑफिसातली एक मैत्रीण कॅथलिक. ती ठाण्याच्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये मिसाला जाई. त्यांच्याकडे कोणत्या दिवशी कोणता उतारा वाचायचा, ते ठरलेले असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये नवी मांडणी आली. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आणि इतर दिवसांचे दोन वर्षांचे. त्यामुळे ठाण्यात वाचलेला उतारा त्याच दिवशी रोममध्येही वाचला जातो. दुपारी डबा खाताना आम्ही एकमेकींना विचारत असू, ‘आज तुझ्याकडे काय होते?’

वाचनाने माणूस कुठवर जातो, याचे मराठीतले ठळक उदाहरण म्हणजे नारायण वामन टिळक. रेव्हरंड टिळकांच्या बालपणीची काही वर्षे, पहिल्या शाळेची, कल्याणला गेली. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. वाचीन, असा शब्द टिळकांनी दिला होता, म्हणून केवळ त्यांनी पुस्तक उघडले. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि मग पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत घरातल्यांना काय मोजावी लागली, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून मराठी वाचकाला ठाऊक आहेच. मला त्या हकिकतीत भावते ती एवढीच गोष्ट, की सुरुवात दिल्या शब्दासाठी झाली. गोडी नंतर आली.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून त्यांनी सबंध बायबलाचे मराठी भाषांतर केले. साध्या, फारशा न शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावे, हा त्यांचा ध्यास. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षे हे काम चालले आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, त्याच्या थोडेसेच आधी ते हातावेगळे झाले. इतकी विदुषी बाई साध्या शब्दासाठी आयुष्याची शेवटची वर्षे देते, कारण ते शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचायला हवे असतात.

आता मुख्य मुद्दा. वाचायचे, पण त्याचे करायचे काय? काही जण डोळे मिटून पान उघडतात, बोट ठेवतात आणि हाती लागेल ती ओळ देवाचा निरोप मानतात. कोकणात देवाला कौल लावतात, तसेच हे. मला ते रुचत नाही. बायबलातले अध्याय मुळात नव्हते. आजचे अध्याय तेराव्या शतकात पडले आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे क्रमांक तर १५५१ मध्ये आले. म्हणजे जी ओळ आपण अलगद उचलतो, ती लिहिणाऱ्याने सुटी लिहिलेलीच नव्हती. मागचेपुढचे वाचल्याशिवाय ती बोलत नाही.

मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. हे त्या वेळी कोणाला आणि का सांगितले होते? यातले मला काय बोचते? आणि आज संध्याकाळपर्यंत यातले काय करता येईल? पहिले दोन प्रश्न अभ्यासाचे, तिसरा कामाचा. याकोबाच्या पत्रात एक दाखला आहे. नुसते ऐकणारा आणि न करणारा माणूस आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्यासारखा. वळला की आपण कसे दिसतो, ते विसरला. संध्याकाळची मुदत घातली की विसरायला वेळच उरत नाही.

एक साधे उदाहरण देते. लूकच्या अठराव्या अध्यायात एक विधवा न्यायाधीशाकडे खेपा घालते. न्यायाधीशाला ना देवाची भीती ना माणसांची चाड, पण बाई थकत नाही. हा अध्याय ज्या दिवशी गाडीत वाचला, त्या आठवड्यात एक बाई नवऱ्याच्या पेन्शनसाठी आमच्या खिडकीशी तिसऱ्यांदा आली होती. तिचा कागद आमच्याकडे नव्हता, वरच्या मजल्यावर दुसऱ्या विभागात होता. नियमाप्रमाणे ‘वर जाऊन विचारा’ एवढेच सांगणे माझे काम. त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत तिच्याबरोबर जिना चढले. कागदावर एक सही राहिली होती, तेवढीच. बायबल वाचून एखादा चमत्कार घडला असे नव्हे. एक जिना चढून झाला.

पण सगळे दिवस असे नसतात. काही वेळा करण्यासारखे काहीच नसते. माझे यजमान आजारी होते, तेव्हा ठाण्यातल्या एका रुग्णालयात मी सात आठवडे त्यांच्या उशाशी होते. क्रमाने स्तोत्रे चालू होती. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आले. पुष्कळ स्तोत्रे रडगाण्याने सुरू होतात आणि शेवटी आशेवर येतात. हे येत नाही. ते अंधारातच संपते. मी यजमानांना वाचून दाखवायला घेतले होते, मध्येच थांबले. ते म्हणाले, ‘वाच. लिहिणाऱ्याने खोटे काही लिहिले नाही.’ त्यांना गोड बोलण्याचा कंटाळा आला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘बरे व्हाल’ म्हणत होता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत करायचे काम काय, तर त्यांच्याशी खरे बोलणे. आम्ही बोललो. मुलाचे शिक्षण, घराचे हप्ते, कोणाचे देणे आहे, सगळे. पंधरा दिवसांनी ते गेले. ते बोलणे झाले नसते तर पुढची वर्षे मला फार जड गेली असती. धर्मग्रंथात रडण्यालाही जागा ठेवलेली आहे, हे मला त्या खोलीत कळले.

आणि आता ती गोष्ट, जिच्यावरून आजच्या बोलण्याला नाव दिले. २०२० चा मार्च संपत आला होता. टाळेबंदी लागली होती. सामान्य प्रवाशांसाठी लोकल बंद, रस्ते ओस. आमच्या सोसायटीने बाहेरच्या कोणालाही आत घ्यायचे नाही, असे ठरवले. ते गरजेचेही होते. पण घरकामाला येणाऱ्या मावशी त्यातच आल्या. त्या मागच्या चाळीत राहत, पाच घरी काम करत. एप्रिलमध्ये त्या एकही दिवस येऊ शकल्या नाहीत. महिना सरत आला तसा सोसायटीत विषय निघाला. काम नाही, तर पगार कसला? बोलणारे दुष्ट नव्हते. प्रत्येकाच्या घरात चिंता होती. माझ्या मुलाच्या पगारातही कपात झाली होती.

त्या दिवसांत माझे ‘अनुवाद’ हे पुस्तक चालू होते. चोविसाव्या अध्यायात मजुराविषयी आज्ञा आहे. तो तुमच्यातला असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या. शब्दांवर बोट ठेवले असते तर मी मोकळी होते. आज्ञा केलेल्या कामाच्या मजुरीची आहे, न झालेल्या कामाची नाही. पण तिथे आज्ञेच्या पाठोपाठ कारणही दिले आहे. तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशावर लागून राहिला आहे. आज्ञा झालेल्या कामाशी थांबत होती, कारण थांबत नव्हते. मावशींचा जीव त्या पैशावर एप्रिलमध्येही लागलेलाच होता. उलट जास्तच.

मुलगा म्हणाला, ‘आई, पुढच्या महिन्याचे काय?’ प्रश्न खरा होता. मी म्हटले, ‘पुढच्या महिन्याचे पुढच्या महिन्यात बघू. आजचा सूर्य आज मावळतोय.’ मावशींना फोन केला. त्या गेटशी आल्या, रखवालदाराने पाकीट त्यांच्या हाती दिले. मी गॅलरीतून पाहत होते. त्यांनी पैसे मोजले नाहीत. पाकीट पदराखाली धरून झपाझप निघाल्या, किराण्याचे दुकान बंद व्हायच्या आत पोचायला.

शेजारच्या काकूंना हे सांगितले, तेव्हा त्यांनीही पगार दिला, आणि आणखी एका घराने अर्धा. उरलेल्या दोन घरांनी दिला नाही. मे महिन्यात आम्हालाही पुरा देता आला नाही, जेवढा जमला तेवढा दिला. म्हणजे गोष्टीचा शेवट फार गोड नाही. पण अध्याय वाचला नसता तर मीही ‘सगळे ठरवतील तसे’ म्हणून गप्प बसले असते, असे मला वाटते.

इस्राएली लोकांना अरण्यात मान्ना मिळे, त्याची गोष्ट निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा. साठवून ठेवला तर त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दोन दिवसांचा घ्यायची मुभा. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही मागणे त्या दिवसाच्या अन्नाचेच आहे आणि मराठी भाषांतरकारांनी तिथे ‘भाकर’ हा शब्द घातला. फार नेमका शब्द आहे तो. लोणचे घालून बरणीत ठेवता येते, भाकर रोज थापावी लागते. काल वाचलेल्यावर आज भागत नाही, कारण आज दाराशी येणारा माणूस निराळा असतो.

श्रोतेहो, तुमच्या घरात गीता असेल, दासबोध असेल, कुराण असेल, धम्मपद असेल, नाहीतर एखाद्या आवडत्या लेखकाचे पुस्तक असेल. थोडे वाचा, रोज वाचा, मागचेपुढचे पाहून वाचा. जिथे ‘करा’ म्हटले आहे, तिथे ‘का’ म्हटले आहे ते शोधा. आणि मग घड्याळाकडे पाहा. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश असतो. तेवढ्यात एखाद्याचे देणे देऊन होते, एखादा जिना चढून होतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)