रानातली वाट आणि आपली सायकल

(महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला आज सायकलवर बोलायला सांगितलं आहे. आपल्या मेळाव्यांत सायकल म्हटली की मुलींची शाळा हा विषय ठरलेला. तो महत्त्वाचाच आहे. १९९१-९२ मध्ये तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. २००६ पासून बिहार सरकारने नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. हे आपण अनेकदा सांगितलं आहे. पण तिथे सायकल कुठेतरी पोचण्यासाठी असते, शाळेत, कामावर, बाजारात. मी बोलणार आहे ती सायकल कुठेच पोचत नाही. ती रानात जाते आणि घरी परत येते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या भागात आम्ही सात जणी आठवड्यातून दोन सकाळी रानवाटांवर सायकल चालवतो. एक अंगणवाडी सेविका आहे, दोघी शिवणकाम करतात, एक शिक्षिका, बाकीच्या बचत गटातल्या. सर्वांत मोठी एक्कावन्न वर्षांची. सुरुवातीला सगळ्यांना एकच प्रश्न आला, "रानात कशाला?" गंमत बघा, लाकडाला गेलो, कवळ तोडायला गेलो, गुरांमागे गेलो, तर हा प्रश्न कोणी विचारत नाही. डोक्यावर मोळी असली की बाई रानात शोभते. मोकळ्या हातांनी गेली की गावाला तिची काळजी वाटू लागते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईच्या रस्त्यांबद्दल म्हटलं, की बाईला काही काम नसतानाही बाहेर असण्याचा हक्क आहे. मला वाटतं, तोच हक्क आमच्या सड्यावरही लागू आहे.

कोणी म्हणतं, हा पुरुषांचा खेळ. या सायकलीचा जन्म कॅलिफोर्नियातला, १९७० च्या दशकातला. माउंट टॅमलपाइस डोंगराच्या कच्च्या रस्त्यांवरून जुन्या जाडजूड सायकली खाली सोडायचा नाद तिथल्या मंडळींना लागला. १९७६ साली तिथे शर्यती सुरू झाल्या. त्या टोळक्यात वेंडी क्रॅग ही बाई सायकलही चालवत होती आणि फोटोही काढत होती. आज तो इतिहास आपल्याला दिसतो तो बराचसा तिच्या कॅमेऱ्यामुळे. पुढे जॅकी फेलन या शर्यतपटूने १९८७ मध्ये खास बायकांचा क्लब काढला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला, तेव्हा बायकांची शर्यत पहिल्यापासूनच होती. बायकांच्या मॅरेथॉनला मात्र ऑलिंपिकमध्ये शिरायला १९८४ उजाडावं लागलं होतं.

आता वाटा कशा शोधायच्या ते सांगते. मोबाइलच्या नकाशात डांबरी रस्ता दिसतो, पायवाट क्वचितच. म्हणून आम्ही तीन ठिकाणी बघतो. पहिलं, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळणारा गावनकाशा. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने आणि पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखवलेली असते. दुसरं, भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे. ते २०१७ पासून इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. आणि तिसरं, सगळ्यांत खात्रीचं, वाडीतल्या म्हाताऱ्या बायका. कुठला साकव पडला, कुठल्या पऱ्याला दिवाळीनंतर पाणी नसतं, कुठे करवंदाच्या जाळीने वाट गिळली, हे कुठल्याही नकाशात नाही. त्यांना विचारायला बसलं की आधी हसतात, मग जमिनीवर काडीने रेघा ओढून दाखवतात. या वाटा त्यांच्याच पायांनी पडल्या आहेत.

सायकल फार महाग लागत नाही. दोन्हीकडे स्प्रिंग असलेली स्वस्त सायकल घेऊ नका. ती जड असते आणि चढावर जीव काढते. पुढेच शॉक, चांगले ब्रेक, जाड नक्षीचे टायर आणि चढाला हलका गिअर, एवढं पुरे. जांभ्यावर टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, म्हणजे पकड मिळते. उतारावर बसून राहू नका. दोन्ही पेडल समान उंचीवर ठेवून उभ्या राहा, अंग मागे न्या, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा आणि नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता वाट जिथे वळते तिथे ठेवा. पाखाडीच्या पायऱ्या आल्या की उतरून सायकल उचला, त्यात कमीपणा नाही. सलवारीचा पाय बांधून घ्या. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा सायकल घरीच बरी. सड्यावर फुरसं असतं, म्हणून दगडावर हात टेकण्याआधी बघा. जवळ लस असलेलं आरोग्य केंद्र कुठलं हे निघण्याआधी माहीत असू द्या. फोनमधल्या अॅपवर वाट नोंदवत असाल तर ती सर्वांना दिसणार नाही अशी सोय करून घ्या. नाहीतर आपलं घर आणि आपली वेळ अनोळखी माणसाच्या हातात जाते.

काही नियम आम्ही स्वतःला घातले आहेत. देवराईत सायकल न्यायची नाही. कातळशिल्पांवरून चाक न्यायचं नाही. आणि मोळी घेऊन येणारी बाई दिसली की आपण उतरून बाजूला व्हायचं. ती कातकरी असो की धनगरवाड्यातली, वाट आधी तिची. आपली मौज तिच्या कष्टाच्या आड येता कामा नये.

आता मुद्द्याचं. घरात गॅस आला, नळ आला. बाईचे कष्ट कमी झाले, हे चांगलंच झालं. पण मोळीबरोबर वाटही गेली. ज्या वाटेवर कोणी चालत नाही ती दोन पावसाळ्यांत बुजते, आणि बुजलेली वाट कुंपणात घ्यायला वेळ लागत नाही. आमच्याकडे बहुतेक रान खासगी मालकीचं, आणि जमिनी झपाट्याने विकल्या जात आहेत. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आमच्या एका वाटेवर आडवा चिऱ्याचा गडगा पडला. त्या वाटेने खालच्या वाडीतल्या बायका भातखाचरांत जातात, पण जायच्या त्या जूनमध्ये, पेरणीला. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेतला अडथळा काढून घ्यायला तहसीलदाराकडे दावा करता येतो. मुदत मात्र सहा महिन्यांची. जूनपर्यंत कोणाला कळलं नसतं तर ती मुदत संपली असती. आम्हाला तो गडगा त्याच आठवड्यात दिसला, कारण आम्ही सायकलवरून तिथून जात होतो.

दावा करायचा तर शेतकऱ्याने करायचा. सायकलीसाठी वाट हवी म्हणून तो चालत नाही. वाडीतल्या बहुतेक सातबाऱ्यांवर पुरुषांची नावं, आणि ते मुंबईत. एका विधवा बाईचं नाव मात्र वारस म्हणून लागलेलं होतं. ते लावून घ्यायला तिला दिरांशी तीन वर्षं भांडावं लागलं होतं. तिने अंगठा दिला. आम्ही गावनकाशा जोडला, वाडीतल्या चौघी म्हाताऱ्यांनी जबाब दिले. जागेवर पाहणी झाली आणि गडग्यात वाट मोकळी करून द्यावी लागली.

म्हणून जमिनीवर बाईचं नाव लागणं आणि बाईने मौजेखातर रानात जाणं, ही मला दोन वेगळी कामं वाटत नाहीत. तुमच्या गावचा नकाशा काढून आणा. म्हाताऱ्यांना घेऊन बसा. त्यातल्या किती रेघांवर आज चालता येतं ते मोजा. सायकल नसेल तर पायी जा. पण दोघी-तिघी मिळून जा, आणि कोणी "कशाला?" विचारलं तर "सहज" म्हणून सांगा.

एवढं बोलून थांबते.