कचेरीपूर्वी आणि कचेरीनंतर
(मंडळाच्या विज्ञानदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आज २८ फेब्रुवारी. १९५३ साली याच तारखेस केंब्रिज येथे वॉटसन आणि क्रिक यांना डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेचा उलगडा झाला. परंतु त्याहूनही जवळची गोष्ट १९२८ मधील. त्या दिवशी कलकत्त्यास रामन यांना त्यांचा ‘परिणाम’ गवसला. १९८७ पासून हा आपला राष्ट्रीय विज्ञानदिन आहे.

शोध काय होता? एकाच रंगाचा प्रकाश स्वच्छ द्रवातून जाऊ दिला, तर विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज अन्य रंगांच्या फिकट रेषाही उमटतात. प्रकाश द्रवाच्या रेणूंना थोडी ऊर्जा देतो किंवा त्यांच्याकडून घेतो, म्हणून रंग बदलतो. प्रत्येक पदार्थाच्या रेषा निराळ्या, जणू अंगठ्याचा ठसाच! औषध अस्सल की बनावट, हेही आज त्यावरून ओळखता येते. या कामी के. एस. कृष्णन यांची मोलाची साथ होती. नोबेल पारितोषिक मात्र १९३० साली एकट्या रामन यांस मिळाले.

आम्हांस अधिक ओढ वाटते ती त्याआधीच्या दहा वर्षांची. १९०७ मध्ये रामन वित्तखात्यात साहाय्यक महालेखापाल म्हणून कलकत्त्यास रुजू झाले. म्हणजे आपल्यापैकीच एक! जाता-येता त्यांना बऊबाजार रस्त्यावर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापिलेल्या विज्ञानसंस्थेची पाटी दिसली. पुढे पहाटे साडेपाचला प्रयोगशाळा, पावणेदहाला घर, स्नान, घाईघाईचे दोन घास आणि कचेरी. पाचला कचेरी सुटली की परस्पर पुन्हा प्रयोगशाळा, ती रात्री साडेनऊ-दहापर्यंत. रविवार सबंध तिथेच. (त्यांच्या पत्नी लोकसुंदरी यांच्या सोशिकतेस निराळे पारितोषिक हवे होते.) मध्यंतरी बदल्याही झाल्या, रंगून, मग आपले नागपूर. तेथेही प्रयोग खंडले नाहीत. १९१७ मध्ये प्राध्यापकपदासाठी त्यांनी ती भरपगारी नोकरी सोडली.

काही वर्षे आम्हीही कलकत्त्यास होतो. बऊबाजारातून कितीदा गेलो. मनात विचार मात्र नव्या जागेचा आणि मुलांच्या प्रवेशाचा. आम्ही बी.ए.; विज्ञानाशी संबंध एवढाच की, पहिल्या पगारातून एक लहानशी दुर्बीण घेतली होती. सात बदल्यांत ती ट्रंकेतच फिरली. दोष बदल्यांचा, असे आम्ही आजवर सांगत आलो. हे भाषण लिहावयास बसलो आणि ते वाक्य कागदावर उतरेना.

गेल्या रविवारी ट्रंक उघडली. भिंगावर बुरशी धरली होती. चष्मेवाल्याने ती बरीचशी काढून दिली. दुर्बीण वर गच्चीवर मांडून ठेविली आहे. मृग नक्षत्र या वेळी दक्षिणेस चांगले वर असते. त्याच्या पोटातील बाणाखाली एक धूसर ठिपका दिसतो. तो तारा नव्हे, वायूचा मेघ आहे. चहा होईपर्यंत मुलांनी आधी वर यावे, मोठ्यांनी मागाहून.