सोसायटीच्या खुर्चीवर कोणी बसायचे?



पावसाची झड ओसरली आणि भात पोटरीला आले, की आपल्याकडे सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस फळ्यावर लागते. पाम-टेंभीचा शेतकरी ती वाचली तर वाचतो. सातपाटीच्या बंदरावर तर नव्या हंगामाची धांदल, कागद वाचायला सवड कुणाला? सभेला कोरम होत नाही. अर्धा तास थांबून तीच तहकूब सभा पुन्हा भरते, चहा होतो आणि सगळे ठराव एकमताने मंजूर!

आणि समजा, एक दिवस त्याच फळ्यावर निराळाच कागद लागला: व्यवस्थापक समिती बरखास्त, प्रशासकाची नेमणूक. मग मात्र गावभर चर्चा. संस्था आपली, भाग आपले, मग हा साहेब आला कुठून?

याचे उत्तर समजायला थोडे मागे जावे लागेल. १९५१-५२ साली देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली. शेतकऱ्याने उचललेल्या शंभर रुपयांत सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन रुपये निघाला. बाकी बराचसा व्यवहार सावकाराच्या वहीत. गोरवाला समितीने १९५४ च्या अहवालात सांगितले की, एवढ्याशा बळावर संस्था उभ्या राहणार नाहीत. सरकारने त्यांत भागीदार व्हावे. त्याप्रमाणे सरकारचे भागभांडवल आले, कर्ज आले, थकहमी आली. आपल्या किनाऱ्यावर मच्छिमार संस्थांमार्फत यांत्रिक होड्यांसाठी राष्ट्रीय सहकार विकास निगमाचे पैसे आले, ते याच वाटेने. सावकाराचा पाश सैल झाला, हे नाकारू नये. पण ज्याचा पैसा, तो हिशेब विचारणार आणि विचारता विचारता कारभारातही बसणार, हेही त्याच्याबरोबर आले.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याच्या ७२ व्या कलमात संस्थेची अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेची, म्हणजे तुमची, असे म्हटले आहे. ७३ वे कलम कारभार समितीकडे देते. आणि ७८ व्या कलमाने, समिती कर्तव्यात कसूर करीत असेल तर तिला दूर करण्याचा अधिकार निबंधकाला दिला. मात्र तो मनास येईल तसा वापरायचा नाही. आधी नोटीस, मग समितीचे म्हणणे ऐकणे, संघीय संस्थेचा सल्ला घेणे आणि नंतर आदेश. या पायऱ्यांवरूनच कोर्टात पुष्कळ भांडणे होत आली आहेत.

तक्रार मुख्यतः दोन गोष्टींची असे. एक, प्रशासक आला की जाता जात नाही. निवडणूक पुढे ढकलत राहते. दुसरी, सरकार बदलले की समित्यांवरही संक्रांत येते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. समितीनेच तिजोरी पोखरली असेल, तर सभासदाला प्रशासक देवासारखा वाटतो. मे २०११ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ दूर करून प्रशासक नेमले गेले. तिथे तर रिझर्व्ह बँकेनेच बोट ठेवले होते.

या सगळ्याला आळा बसावा म्हणून संसदेने ९७ वी घटनादुरुस्ती केली. ती फेब्रुवारी २०१२ पासून अमलात आली. समितीची मुदत पाच वर्षे, मुदत संपण्याआधी निवडणूक, बरखास्ती सहा महिन्यांहून जास्त नाही (सहकारी बँकांची गोष्ट थोडी वेगळी), आणि जिथे सरकारचे भाग, कर्ज, आर्थिक साहाय्य वा हमी काहीच नाही, तिथे बरखास्तीच नाही. महाराष्ट्राने २०१३ साली आपल्या कायद्यात त्या धर्तीचे बदल केले. सहकारी निवडणुकांसाठी स्वतंत्र प्राधिकरणही आणले.

पण गुजरातेत राजेंद्र शहा यांनी या दुरुस्तीला आव्हान दिले. मुद्दा असा की, सहकारी संस्था हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय. त्यात असा हात घालायचा तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती हवी होती आणि ती घेतलीच नव्हती. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ साली हे मान्य केले. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीनही न्यायमूर्तींनी ते उचलून धरले. तिघांपैकी दोघांच्या मताने एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या संस्थांपुरता तो भाग शिल्लक राहिला. तुमच्याआमच्या गावच्या सोसायटीवरून घटनेचे ते छत्र गेले.

गंमत पाहा. गावच्या संस्थेला सरकारपासून मोकळीक द्यायला आणलेली दुरुस्ती राज्य सरकारांच्या अधिकाराच्या मुद्द्यावर पडली! निकाल चुकीचा असे मी म्हणत नाही. घटना बदलायची तर रीतसरच बदलली पाहिजे. परंतु त्याचा परिणाम असा की, प्रशासक किती दिवस बसेल, कुठे बसू शकेल, हे आता राज्याच्या कायद्यावर अवलंबून आहे. आणि तो कायदा मुंबईत एका अधिवेशनात बदलता येतो.

तर मग सभासदाने काय करावे? बरखास्तीचा आदेश आला, तर त्यावर दोन महिन्यांच्या आत अपील करता येते. पुढे उच्च न्यायालय आहेच. पण ही झाली आजार झाल्यावरची गोष्ट. त्याआधी पाहायचे ते हे. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हायलाच हवी. ती बोलावली जात नसेल किंवा मध्येच काही संशयास्पद दिसले, तर एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास समितीला विशेष सभा एका महिन्यात बोलवावी लागते. पोटनियमांत याहून कमी संख्या दिलेली असली, तर तेवढीही पुरते. हिशेबपत्रके आणि पोटनियम पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे.

गुरुजी, इथे तुमचा उपयोग आहे. पोटनियमांचे पुस्तक सोसायटीच्या कपाटात असते, पण ते बहुतेकांनी कधी उघडलेले नसते. एखाद्या शनिवारी संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर चारपाच पाने मोठ्याने वाचून दाखवा. लेखापरीक्षणाचा अहवाल मागवा आणि दोष-दुरुस्तीची पाने आधी वाचा. प्रशासकाचा कागद निघतो तो बहुधा त्याच पानांतून.