परिचारिकांचा तुटवडा आणि परिचारिकांची बेकारी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्र शिकविण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली. पुरवठ्याहून मागणी अधिक झाली की भाव चढतो, हे पहिल्याच तासाला मी फळ्यावर रेघा ओढून सांगत असे. गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी भेटावयास आली आणि त्या रेघांविषयी माझ्याच मनात शंका उत्पन्न झाली.

तिने बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम पहिल्या वर्गात पुरा केला होता. राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी झाली होती. डोक्यावर बँकेचे कर्ज होते. एका खाजगी रुग्णालयाने तिच्याकडे दोन वर्षांचा अनुभव मागितला. दुसऱ्याने तो मागितला नाही. पण दरमहा बारा हजार रुपये देऊ केले आणि मूळ प्रमाणपत्रे दोन वर्षे ठेवून घेण्याची अट घातली. ती म्हणाली, “सर, देशात नर्सेस कमी आहेत असे नेहमी वाचते. मग मला कोणी का घेत नाही?”

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र राजकीय आहे. दर हजार लोकसंख्येमागे तीन परिचारिका असाव्यात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक म्हणून आपल्याकडे सांगितला जातो. सरकारी आकड्यांप्रमाणेच आपण दोनच्या आसपास आहोत. आणि नोंदवहीत नाव असलेली प्रत्येक परिचारिका रुग्णाच्या खाटेजवळ असतेच असे नाही. कोणी परदेशी गेली, कोणी व्यवसाय सोडला. गरज आहे यात शंका नाही. परंतु गरज रुग्णाची असते आणि मागणी पगार देणाऱ्याची. पद मंजूरच केले नाही, किंवा मंजूर पद रिकामे ठेवले, तर गरज कितीही तीव्र असो, बाजारात मागणी उमटत नाही. दहा खाटांचे काम वीस खाटांना पुरविले जाते, आणि दाराबाहेर अर्जदारांची रांग वाढते.

या रांगेचा लाभ कोणाला होतो, हे पाहिले पाहिजे. खाजगी महाविद्यालयाला शुल्क मिळते, खाजगी रुग्णालयाला स्वस्त हात मिळतात. सन २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी परिचर्या महाविद्यालये जाहीर झाली. त्यांचे स्वागतच आहे. पण पदे वाढली नाहीत, तर पदवीधरांबरोबर रांगच वाढेल. शासनही कायम पदाऐवजी कंत्राटी नेमणुकीची सोय शोधते, तेव्हा खाजगी मालकाला आदर्श घालून देते.

यावर उपाय सुचविले गेले नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानुसार केंद्राने समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही ते वीस हजारांखाली नसावे, असे तिने सुचविले. लहान रुग्णालयांना हे झेपणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो विचारात घेऊनच समितीने खाटांच्या संख्येप्रमाणे पायऱ्या ठरविल्या होत्या. तरीही शिफारस कागदावरून आपोआप खाली उतरत नाही. केरळात परिचारिकांनी संघटित लढा दिला, तेव्हा कोठे एप्रिल २०१८ मध्ये वीस हजारांच्या किमान मूळ वेतनाची अधिसूचना निघाली. आपल्याकडेही सप्टेंबर २०२३ मधील बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय लोकक्षोभामुळे ऑक्टोबरातच मागे घ्यावा लागला.

आता आपले काम. प्रत्येक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि कंत्राटी किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा आणि उत्तर गावच्या सभेत वाचून दाखवा. नव्या परिचारिकांना सांगा : लेखी नेमणूकपत्र घ्या, मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या हवाली करू नका, परदेशी पाठविणाऱ्या दलालाला परवाना पाहिल्यावाचून पैसे देऊ नका. सरकारी भरतीच्या परीक्षांसाठी आपल्या कार्यालयातील एक खोली संध्याकाळी त्यांना मोकळी करून द्या. त्यांची संघटना त्या खोलीतूनही उभी राहू शकेल.

त्या मुलीने बारा हजारांची नोकरी नाकारली आणि आठवडाभर ती अस्वस्थ राहिली, कारण कर्जाचा हप्ता थांबत नाही. नाकारण्याचे धैर्य एकटीच्या अंगावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. ते बळ तिला मिळवून देणे हे तुमचे-माझे काम आहे.